सतरा नंबरचं धुराडं

सेल्विन गारबटने तेहतीस वर्षं धुराडी बनवली. त्यातल्या एकातूनही कधी धूर निघाला नाही.

ती फायबरची होती. साच्यात आधी विटेच्या रंगाचा थर, त्यावर काचेच्या तंतूंची मॅट, त्यावर रेझिन, पुन्हा मॅट, पुन्हा रेझिन. वाळलं की साचा सोडवायचा. बाहेरून शंभर वर्षांचं विटांचं धुराडं, आतून पोकळ, वरून बंद, दोघांनी सहज उचलावं इतकं हलकं. नव्या वसाहतीतली घरं शेजारच्या जुन्या गावासारखी दिसली पाहिजेत, अशी अट असते. म्हणून बिल्डर ती आमच्याकडून नेत, क्रेनने छपरावर ठेवत आणि बोल्टने आवळत. खाली घरात शेकोटी नसे. कुठलं धुराडं कोणत्या नंबरच्या घरावर चढणार ते आधीच ठरलेलं असे.

कारखाना गूल गावाबाहेर, नदीच्या बांधालगत होता. नऊ माणसं. मी साहित्याची पदवी घेऊन घरी परतले होते. आठ महिने दुसरं काही मिळालं नाही, तेव्हा तिथे रंगाच्या टेबलावर लागले. विटांच्या सांध्यांना चुन्याचा रंग द्यायचा आणि वरच्या कडेला स्पंजने काजळी लावायची, एवढं माझं काम. पहिल्या दिवशी सेल्विन मागे येऊन उभा राहिला.

"काजळी बेताने लाव, पोरी. लोक बंब बोलावतील."

मी हसले. त्याने माझ्या टेबलावरचं पुस्तक उचलून उलटंपालटं केलं.

"हे लिहिणारा जिवंत आहे?"

"नाही."

"मग वाचतेस कशाला? तो काही विचारायला येणार नाही."

अशी आमची मैत्री झाली. तो साठीला टेकलेला, मी चोवीस वर्षांची. कारखान्यात सगळे एकमेकांना अरेतुरेच करत, मीही करू लागले. दुपारी तो आपल्या थर्मासमधला चहा झाकणात ओतून मला द्यायचा. त्याचं नाक कधीच गेलं होतं. रेझिनच्या वासाने माझं डोकं दुखायचं, त्याला काहीच कळायचं नाही. कामात मात्र त्याच्या तोडीचा कोणी नव्हता. रेझिन घट्ट करणारं हार्डनर तो मापाने घालत नसे. खिडकीबाहेर बघायचा, हाताची मागची बाजू साच्याला लावायची, आणि ओतायचं. त्याचं रेझिन कधी चिकट राहिलं नाही, कधी तडकलं नाही.

त्याची जीभ वाईट होती. हे आधीच सांगितलेलं बरं. माणूस कुठे दुखतो ते त्याला पाच मिनिटांत कळे, आणि मग तो तिथेच बोट ठेवी. ज्याच्यावर विनोद झाला तोही हसे, कारण बाकीचे आठ जण हसत असत.

नऊ वर्षांपूर्वी त्याने हेच आपल्या मुलीच्या लग्नात केलं होतं. आमच्याकडे जेवणानंतर मुलीचा बाप चार शब्द बोलतो आणि त्यात तिची थोडी थट्टा करतो, ही रीतच आहे. सेल्विनने खिशातून तिची शाळेतली वही काढली आणि वाचून दाखवली. ती अकरा वर्षांची होईपर्यंत रात्री गादी ओली करायची, त्याबद्दल तिने देवाला लिहिलेल्या चिठ्ठ्या होत्या त्या. नव्वद माणसं हसली. नवऱ्याकडचे तर डोळे पुसत होते. सेल्विनने आणखी दोन पानं वाचली. ब्रायनी, म्हणजे त्याची मुलगी, उठून बाहेर गेली ती परत आली नाही. पुढे नवराबायको दुसऱ्या गावी गेले. कुठे, ते तिने कळवलं नाही. सेल्विनची बायको त्याआधीच वारली होती. त्यामुळे विचारावं असंही घरात कोणी नव्हतं.

"चांगलं झालं होतं भाषण," तो मला एकदा म्हणाला. मग थर्मासचं झाकण घट्ट लावलं.

कारखान्यात एक प्रथा होती. तिला 'काचेत घालणं' म्हणत. कोणाचा वाढदिवस असला, लग्न ठरलं, मूल झालं, की त्याची एखादी वस्तू त्याच्या नकळत उचलायची आणि चालू कामातल्या धुराड्यात, आतल्या बाजूला, शेवटच्या मॅटखाली घालायची. वर रेझिन, वर रोलर. वस्तू दिसत राहते, पण परत मिळत नाही. धुराडं ट्रकमध्ये जातं, छपरावर चढतं, आणि आत काय आहे ते कोणालाच ठाऊक राहत नाही. नियम दोन होते. कुठल्या धुराड्यात घातलं ते विचारायचं नाही, आत वाकून बघायचंही नाही. आणि ज्याची वस्तू गेली त्याने सगळ्यांना बन आणायचे. लॉटरीची तिकिटं गेली होती, हातमोजे, एकाची कवळी, एकाच्या प्रेयसीचा केसांचा चाप. ही प्रथा कोणी सुरू केली असं विचारलं की सगळे सेल्विनकडे बघत.

दोन वर्षांपूर्वी, मी यायच्या आधी, त्याने ट्रॅव्हिसची वस्तू काचेत घातली होती.

ट्रॅव्हिस लंब हा साच्यांवरचा दुसरा कारागीर. पस्तिशीचा, रुंद, कमी बोलणारा. त्याची बायको गरोदर होती. सोनोग्राफीचा फोटो त्याने डब्याच्या झाकणाला आतून चिकटवला होता आणि जेवताना तो झाकण समोर उभं करून ठेवी. सेल्विनने फोटो काढून काचेत घातला. ट्रॅव्हिसने दुसऱ्या दिवशी बन आणले. सातव्या महिन्यात मूल पोटातच गेलं. त्याचं काही उरलं नाही. जो एक फोटो होता तो कुठल्यातरी छपरावर होता.

ट्रॅव्हिस आठवड्याने कामावर आला. त्याने विचारलं नाही. नियमच होता तसा. सेल्विनने त्याला एक कार्ड दिलं, त्यावर फुलं होती. हे सगळं मला नोरीनने सांगितलं. नोरीन आमची मुकादम, ट्रक भरून घेण्याचं काम तिच्याकडे होतं.

"मग पुढे?" मी विचारलं होतं.

"पुढे काय. धुराडी बनवली."

मार्चच्या विसाव्या तारखेला, शुक्रवारी, सेल्विनला पत्र आलं. पाकिटावरचं अक्षर त्याने ओळखलं. ते पाकीट तो कामावर घेऊन आला आणि मला दाखवलं. जाड पांढरं पाकीट, निळ्या शाईत त्याचं नाव.

"उघड ना," मी म्हणाले.

"मंगळवारी साठ पूर्ण होतायत. तेव्हा उघडीन."

"घाबरलास?"

"वाढदिवसाची भेट आधी उघडत नाहीत, पोरी. तुला घरी काही शिकवलं नाही?"

ते त्याने कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. शनिवार, रविवार, सोमवार ते तिथेच होतं. चहाच्या वेळी तो कोटावरून हात फिरवायचा. हे मी पाहिलं तसं ट्रॅव्हिसनेही पाहिलं असणार.

मंगळवारी सकाळी कोट खुंटीला लावून सेल्विन साच्यांकडे गेला. अकराच्या चहाला परत आला, खुंटीवरून कोट काढला, खिशात हात घातला. मग दुसऱ्या खिशात. सगळे त्याच्याकडे बघत होते. नोरीनने टेबलावर टिचक्या मारायला सुरुवात केली, बाकीच्यांनी ताल धरला. मीही धरला. मला वाटलं विजेचं बिल गेलं असेल, नाहीतर पगाराची चिठ्ठी. खरं सांगायचं तर तेव्हा मला काही वाटलंच नाही. सगळे हसत होते म्हणून मी हसले.

"बन आण, म्हाताऱ्या," ट्रॅव्हिस म्हणाला.

सेल्विन उभाच राहिला. त्याच्या कानांच्या पाळ्या पांढऱ्या झाल्या होत्या.

"पत्र होतं," तो म्हणाला. "माझ्या खिशात."

"होतं."

"कुठल्या धुराड्यात घातलं?"

टिचक्या थांबल्या. तेहतीस वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं.

"असं विचारत नाहीत," ट्रॅव्हिस म्हणाला. "तूच शिकवलंस."

"ब्रायनीचं होतं ते."

"बघितलं मी. मागे नाव होतं. पाकिटात हवा होती, म्हणून चारी कोपरे कापले आणि आत रेझिन ओतलं. रोलर मारला. एक बुडबुडा राहिला नाही. तू बघशील तर खूश होशील."

"मागे पत्ता होता? मी तिच्या नावापुढे बघितलंच नाही."

"नाव होतं. पत्ता नव्हता."

सेल्विन बाकावर बसला. मग त्याने जे कधी केलं नव्हतं ते केलं. हात जोडले नाहीत, पण आवाज तसा झाला.

"ट्रॅव्हिस, मला नंबर सांग."

"आधी माझा सांग," ट्रॅव्हिस म्हणाला.

बाहेर ट्रक मागे घेत होते त्याचा आवाज येत होता.

"मला आठवत नाही रे," सेल्विन म्हणाला. आणि ते खरं होतं. त्याच्या चेहऱ्याकडे बघून कळत होतं की तो आठवायचा प्रयत्न करतोय आणि तिथे काहीच नाही. त्याच्यासाठी ती एक दिवसाची गंमत होती.

"मग मलाही आठवत नाही," ट्रॅव्हिस म्हणाला, आणि मास्क चढवून साच्याकडे गेला.

त्या दिवशी बन आले नाहीत.

त्या आठवड्यात तीन ट्रक गेले होते. एकतीस धुराडी, सगळी एकाच वसाहतीत, सेल्बीच्या अलीकडे. मी प्रत्येकाला बाहेरून काजळी लावली होती. आतून एकही बघितलं नव्हतं.

इंटरनेटवर मी ब्रायनीला शोधलं. लग्नानंतरच्या नावाने, आधीच्या नावाने. काही सापडलं नाही. सापडू नये अशी व्यवस्था केलेल्या माणसासारखं ते होतं. सेल्विनकडे तिच्यापर्यंत पोचायची एकच वाट होती, ती छपरावर होती. आमच्याकडे पत्र लिहिताना पहिल्या पानावर वर उजव्या कोपऱ्यात आपला पत्ता लिहितात. ब्रायनीच्या आईने तिला तसंच शिकवलं होतं. पत्ता आत असणार, याची सेल्विनला खात्री होती.

सोमवारी ट्रॅव्हिस त्याच्याजवळून जाताना म्हणाला, "सहा."

"नक्की?"

"सहा नंबरचं घर. आता पिडू नकोस."

शनिवारी वसाहतीवर काम बंद असायचं. घरांत अजून माणसं यायची होती, परांची उभीच होती. सेल्विन भोक पाडायचं गोल पातं घेऊन वर चढला, मी मागून. धुराड्याच्या मागच्या बाजूला, रस्त्यावरून दिसणार नाही अशा जागी, त्याने मुठीएवढं भोक पाडलं. मी फोन आत घालून उजेड पाडला आणि फोटो काढले. आत नुसती काच होती. गुळगुळीत, हिरवट, रिकामी. मग त्याने कापलेली चकती परत बसवली, वर फायबरचा तुकडा लावला, आणि मी विटांचा रंग, चुन्याचा सांधा, काजळी. दहा पावलांवरून मलाही जागा ओळखता आली नाही. एका धुराड्याला अख्खा दिवस लागला.

"चोरांनी आपल्याला नोकरीवर ठेवायला हवं," सेल्विन म्हणाला. त्या दिवशी तो आनंदात होता. त्याला वाटत होतं पुढच्या शनिवारी मिळेल.

सोमवारी त्याने ट्रॅव्हिसला सांगितलं, सहामध्ये नाही.

"नाही? मग चोवीस असेल. माझं डोकं हल्ली चालत नाही. बायको पण म्हणते."

पुढच्या शनिवारी चोवीस. अकराच्या सुमाराला आम्ही वर होतो. त्या दिवशी ऊन होतं, छपरावरून लांबवर रेल्वेलाइन दिसत होती आणि सेल्विनने मला तिच्याबद्दल सांगितलं, म्हणजे ब्रायनीबद्दल. लहानपणी ती त्याच्या डबलरोटीच्या कडा खायची. तिला मऊ भाग आवडत नसे. चोवीसमध्येही काही नव्हतं.

मग अकरा. मग एकोणतीस. दर सोमवारी नवा आकडा. ट्रॅव्हिस तो अगदी सहज सांगायचा, हवा कशी आहे ते सांगावं तसा. कारखान्यात आता सगळ्यांना माहीत होतं आणि त्यावर पैजा लागत. मी नोरीनला म्हटलं, तू मुकादम आहेस, ट्रॅव्हिसला खरा नंबर सांगायला लाव.

"मी काही त्यांची आई नाही," ती म्हणाली. "आणि ट्रॅव्हिसला तेव्हा कोणी सांगितलं होतं?"

"सेल्विनलाही माहीत आहे की ट्रॅव्हिस खोटं सांगतोय," मी म्हणाले.

"मग जातो कशाला?"

हे मी सेल्विनला विचारलं. तो म्हणाला, "एकदा तरी खरं निघेल. सगळी खोटी सांगायला माणूस फार हुशार असावा लागतो. ट्रॅव्हिस तेवढा नाही."

पण एकोणतीसमध्ये माणसं राहायला आली होती. बागेत कपडे वाळत घालणाऱ्या बाईने वर बघितलं तर छपरावर एक म्हातारा धुराड्याला भोक पाडत होता. तिने फोटो काढले. बिल्डरने कारखान्याला कळवलं. मालक खवळला आणि सेल्विनला दुपारपर्यंत सामान न्यायला सांगितलं. मला कोणी बघितलं नव्हतं. मी पुढे झाले नाही. सेल्विननेही माझं नाव घेतलं नाही.

तो रोलर पिशवीत भरत होता. आपले रोलर तो कोणाला देत नसे. ट्रॅव्हिस येऊन समोर उभा राहिला. हातात चहाचा मग होता.

"सतरा," तो म्हणाला.

सेल्विनने वर बघितलं नाही.

"हे खरं आहे," ट्रॅव्हिस म्हणाला. "आता फिटलं."

सतरात होतं.

ते रिकामं घर होतं. मे महिना लागला होता. या वेळी भोकातून पाकीट दिसताच सेल्विनने त्याभोवती पुस्तकाएवढा चौकोन कापून काढला. त्या जागी नवा तुकडा बसवला, मी रंग दिला. चौकोन त्याने छातीशी धरून खाली आणला. बसमध्येही तो तसाच धरून बसला होता.

आपल्या घरामागच्या अंगणात त्याने तो उजेडात धरला. काम खरंच चोख होतं. पाकीट काचेत तरंगत होतं. रेझिनने कागद पारदर्शक होतो, तेलाने होतो तसा, त्यामुळे पाकिटाच्या आतली पानंही दिसत होती. दोन पानं, वेगवेगळी दुमडलेली, प्रत्येकाच्या तीन घड्या. सगळ्या ओळी एकावर एक. शाई जागोजागी पसरून निळे ढग झाले होते. अक्षर होतं, शब्द एकही लागत नव्हता.

"यातून वाचता येणार नाही," मी म्हणाले.

"असं नाही येणार," सेल्विन म्हणाला. त्याने बादलीत पाणी घेतलं, पॉलिश पेपरचे तुकडे एका लाकडी ठोकळ्याला गुंडाळले. "एकेक घडी वर आणायची. तू वाचायचं आणि लिहून घ्यायचं. मग ती घासून टाकायची. मग खालची."

"घासल्यावर ती परत मिळणार नाही."

"तुझं शिक्षण कशासाठी झालंय? नीट वाच."

मी वही घेऊन बसले. तो घासू लागला. वरची काच गेली, पाकिटाची बाजू गेली. पाणी दुधासारखं झालं. मग पहिली घडी वर आली, ओली, निळी. मी एकेक अक्षर जुळवत वाचत होते. दुसरं पान आधी आलं. पत्राचा शेवट.

पहिल्या घडीत होतं: *तू आला नाहीस तर मी समजून जाईन. परत लिहिणार नाही. राग म्हणून नाही. ब्रायनी.*

"पुढे," सेल्विन म्हणाला. त्याने ती घासून टाकली.

दुसऱ्या घडीत अर्ध्या ओळी ढगात होत्या. उरलेल्या मी वाचल्या. *तिला घेऊन येईन. दोन वर्षांची आहे, कान तुझे आहेत. एक तास थांबेन. फक्त विनोद करू नकोस.*

त्याने आपल्या कानाला हात लावला. ओल्या हाताची पांढरी खळ तिथे लागली.

तिसऱ्या घडीत ठिकाण होतं. *डॉनकास्टर स्टेशन, तिकीट खिडकीसमोरचा बाक. शनिवार, अकरा एप्रिल, सकाळी अकरा.*

मी वाचलं आणि थांबले. आम्ही दोघांनीही बोटांवर मोजलं नाही. मोजायची गरज नव्हती. चोवीस नंबर. ऊन होतं त्या दिवशी, त्याने डबलरोटीच्या कडांचं सांगितलं होतं.

सेल्विनने ठोकळ्यावरचा झिजलेला कागद सोडवून नवा गुंडाळला. शेजारी कोणीतरी रेडिओ लावला होता.

"तिला सांगता येईल," तो म्हणाला. "काय झालं ते लिहून कळवता येईल. पत्ता आहे ना. मी तिला सगळं लिहीन. धुराड्याचंही. खोटं वाटेल तिला, पण हा तुकडा पाठवीन."

"हो," मी म्हणाले.

पहिल्या पानाच्या खालच्या दोन घड्यांत मोठंसं काही नव्हतं. हवा, घर बदललं, नवऱ्याची नोकरी. *नवव्या वर्षी लिहायला बसले आहे, सातदा फाडलं.* मी सगळं लिहून घेतलं. शेवटची घडी राहिली, वरची. *बाबा* हा शब्द काचेतून आधीच दिसत होता, आणि उजव्या कोपऱ्यात तीन लहान ओळी.

त्याने बारीक कागद घेतला. अगदी हलक्या हाताने, गोल गोल. 'बाबा' वर आलं. मग कोपरा येऊ लागला. मी वाकले. आठ. आठ हा आकडा स्पष्ट होता. मग रस्त्याचं नाव. सी. ओ.

तो कोपरा पाकिटात जरासा मुडपला होता. कागद तिथे दुमडल्यामुळे केसभर उंच होता. इतका की डोळ्याला दिसू नये. पण सेल्विनच्या हाताला तो लागला. तेहतीस वर्षं त्या हाताने एकच गोष्ट केली होती. उंचवटा लागला की घासायचा, तळहात फिरवून बघायचा, पुन्हा घासायचा, हाताला काही लागेनासं होईपर्यंत. त्याचे डोळे माझ्या वहीकडे होते. मी लिहितेय का ते तो बघत होता. हात आपलं काम करत होता.

"थांब," मी म्हणाले.

हात आणखी दोनदा फिरला. मग त्याने ठोकळा बाजूला ठेवला आणि तळहात फिरवला.

कोपरा सपाट झाला होता. तिथे काच होती, खालची मॅट दिसत होती, तंतू न् तंतू मोजता यावा इतकी स्वच्छ.

"किती वाचलंस?" त्याने विचारलं.

"आठ. सी, ओ."

"पुढे?"

"तेवढंच."

"गाव?"

मी नकारार्थी मान हलवली. त्याने बादलीत बघितलं. पाणी पांढरं होतं, कडेला थोडं निळं. ती बादली त्याने दोन दिवस ओतली नाही.

ट्रॅव्हिसला मीच सांगितलं. बसस्टॉपवर, कामावरून सुटताना. तारीख सांगितली, स्टेशन सांगितलं. मला त्याला दुखवायचं होतं. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"चार दिवस खिशात होतं ना," तो म्हणाला. "उघडू नको असं कोणी सांगितलं होतं?"

"तू त्याला तेव्हाच सतरा सांगितलं असतंस तर."

"हो," ट्रॅव्हिस म्हणाला. "सांगितलं असतं तर." त्याची बस आली. तो चढला, खिडकीजवळ बसला आणि माझ्याकडे बघितलं नाही. जूनमध्ये एकाचं लग्न ठरलं. त्याच्या घड्याळाचा पट्टा काचेत गेला. त्याने बन आणले. मी तो महिना संपल्यावर काम सोडलं.

सेल्विन आता एका गालिच्यांच्या गोदामात रखवालदार आहे. वाचनालयातून त्याने गावांचे नकाशे आणले आणि सी-ओ ने सुरू होणाऱ्या रस्त्यांची यादी केली. अशा प्रत्येक रस्त्यावरच्या आठ नंबरला तो पत्र लिहितो. आधी डॉनकास्टरच्या आसपासची गावं घेतली, मग पुढची. पत्र एकच, चार पानी. मी एकदा त्याला ते छापून देते म्हटलं, तो नको म्हणाला. प्रत्येक वेळी हाताने लिहितो. त्यात एकही विनोद नाही. मी वाचलंय.

तीन जणांनी उत्तर पाठवलं, आमच्याकडे या नावाचं कोणी नाही, तुमची मुलगी सापडो. एका म्हातारीने त्याला चहाला बोलावलं. बाकीची पत्रं गेली ती गेली.

मागच्या महिन्यात एक पत्र परत आलं. लिंकनजवळच्या एका गावातून. पाकीट नवं होतं, आत त्याचीच चार पानं. घड्या मोडून पुन्हा घातलेल्या, म्हणजे वाचलेली. शेवटच्या पानाच्या मागे पेनाने एक ओळ होती, सगळी मोठ्या छापील अक्षरांत, कोणाचंही असू शकेल अशा अक्षरात. *इथे या नावाचं कोणी राहत नाही. परत लिहू नये.*

त्याने ते माझ्यासमोर ठेवलं.

"तू शिकलेली आहेस," तो म्हणाला. "काय वाटतं? तिचं आहे?"

मी खूप वेळ बघितलं. मला सांगता आलं नाही.

परत लिहू नये म्हणणाऱ्याने पाकिटावर आपला पत्ता मात्र पूर्ण लिहिला होता. घर, रस्ता, गाव. गूलहून तिथे दोन बस बदलून अडीच तासांत जाता येतं. मी त्याला वेळापत्रक काढून दिलं आहे. ते त्याने कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं आहे, पत्रासोबत. तो अजून गेलेला नाही.